मागच्या आसनावरचा माणूस : ‘टॉप गन’ पुन्हा पाहताना

एखाद्या चित्रपटाचा उत्तरभाग ३६ वर्षांनी यावा आणि त्याने मूळ चित्रपटाकडे पाहण्याची प्रेक्षकाची दृष्टीच पालटून टाकावी, असा योग क्वचितच येतो. उत्तरभाग बहुधा जुन्या नावाच्या पुण्याईवर गल्ला भरण्यासाठी निघतात. गाजलेल्या प्रसंगांची त्यात उजळणी होते, ओळखीची धून वाजते आणि आपल्या तारुण्याला भेटून आल्याचे समाधान घेऊन प्रेक्षक घरी जातो. १९८६ सालच्या ‘टॉप गन’चा उत्तरभाग ‘टॉप गन : मॅव्हरिक’ २०२२ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला, तेव्हा तोही याच पंक्तीत बसेल असे वाटणे स्वाभाविक होते. उजळणी त्यात आहेच. परंतु उजळणी करता करता त्याने जुन्या चित्रपटातील एका दुर्लक्षित जागेवर नेमके बोट ठेवले आहे. ती जागा म्हणजे लढाऊ विमानातील मागचे आसन. नवा चित्रपट पाहिल्यावर आम्ही जुना मुद्दाम पुन्हा पाहिला. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने त्या पुनर्दर्शनाविषयी लिहावयाचे आहे.

सोनेरी प्रकाशातील विमाने

ज्यांची उमेदीची वर्षे व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात गेली, त्यांना ‘टॉप गन’ची ओळख करून देण्याचे कारण नाही. तरुण वाचकांसाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. पीट मिचेल हा अमेरिकन नौदलातील एक तरुण वैमानिक. त्याचे टोपणनाव ‘मॅव्हरिक’, म्हणजे मालकाचा डाग न उमटलेले, कळपाबाहेर भटकणारे वासरू. त्याचे एफ-१४ हे विमान दोघांचे आहे. पुढे वैमानिक बसतो, मागे रडार सांभाळणारा अधिकारी. हा मागचा अधिकारी म्हणजे त्याचा जिवलग मित्र निक ब्रॅडशॉ, टोपणनाव ‘गूज’. सॅन डिएगोजवळच्या मिरामार येथे निवडक वैमानिकांना हवाई लढतीचे उच्च शिक्षण देणाऱ्या विद्यालयात या दोघांना पाठवले जाते. हे विद्यालय काल्पनिक नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६९ साली, ते सुरू झाले आणि १९९६ साली नेवाडा राज्यातील फॅलन येथे हलवण्यात आले. तेथे मॅव्हरिकला ‘आइसमन’ नावाचा प्रतिस्पर्धी भेटतो, एका शिक्षिकेवर त्याचे प्रेम जडते, सरावाच्या उड्डाणात गूजचा मृत्यू होतो, नायक खचतो आणि अखेरीस खऱ्या चकमकीत पराक्रम गाजवून परत येतो.

कथा म्हणून यात नवे काही नाही. चित्रपट तरला तो त्याच्या रूपावर. दिग्दर्शक टोनी स्कॉट हे जाहिरातपटांच्या क्षेत्रातून आलेले. मोटारगाडी आणि लढाऊ विमान यांची शर्यत दाखवणारी त्यांची एक जाहिरात गाजली होती, आणि हे काम त्यांच्याकडे येण्यामागे त्या जाहिरातीचा हात होता. चित्रपटाचा आरंभ आठवावा. विमानवाहू नौकेचे लांबलचक डेक, पहाटेचा नारिंगी उजेड, वाफेतून हलणाऱ्या माणसांच्या काळ्या आकृती, हातांच्या खुणा, आणि मग विमानाचे झेपावणे. शब्द नसलेली ही दोन-तीन मिनिटे आजही अंगावर रोमांच उभे करतात. हॅरॉल्ड फाल्टरमायर यांचे पार्श्वसंगीत आणि जॉर्जिओ मोरोडर यांनी स्वरबद्ध केलेले, ऑस्कर मिळवणारे प्रेमगीत यांनी या दृश्यांना पंख दिले. टीकाकारांनी नाके मुरडली, तरी त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई याच चित्रपटाने केली. पुढे २०१५ साली तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश केला.

मात्र जाहिरातीचे एक शास्त्र असते. वस्तू चकाकताना दाखवावी, तिची किंमत शेवटी हळूच सांगावी. अमेरिकन नौदलाने या चित्रपटासाठी आपली विमाने आणि नौका उपलब्ध करून दिल्या, आणि काही चित्रपटगृहांबाहेर नौदलाच्या भरती अधिकाऱ्यांनी आपली मेजेही मांडली. बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांत तो सोनेरी प्रकाश अजून तरळत असताना त्याच्यापुढे अर्ज ठेवला जात होता. त्या अर्जावर न लिहिलेली किंमत चित्रपटातच होती. पण ती पुढच्या आसनावरच्या माणसाने चुकवलेली नव्हती.

तीन प्रसंग

पुनर्दर्शनात तीन प्रसंग आम्हाला विशेष बोलके वाटले. पहिला प्रसंग चित्रपटाच्या सुरुवातीचाच आहे. ‘कूगर’ नावाचा एक वैमानिक शत्रूच्या विमानाशी झालेल्या आमनेसामन्यानंतर हवेतच गोठून जातो. त्याच्यासमोर कॉकपिटमध्ये पत्नीचे आणि तान्ह्या बाळाचे छायाचित्र लावलेले आहे. इंधन संपत आलेले असतानाही मॅव्हरिक त्याला सोबत करून सुखरूप नौकेवर आणतो. हा त्याचा खरा मोठेपणा, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु नंतर काय घडते ते पाहावे. कूगर वरिष्ठांच्या खोलीत जातो आणि वैमानिकाचे पंखांचे पदक मेजावर ठेवतो. आज आपण आपल्या मुलाला पोरके केले असते, ही जाणीव त्याला पुन्हा उडू देत नाही. त्या विद्यालयासाठी पहिली निवड त्याचीच होती. तो बाजूला झाला म्हणून मॅव्हरिक आणि गूज यांना ती जागा मिळते. म्हणजे ही सारी विजयगाथा एका बापाच्या माघारीतून सुरू झाली आहे. चित्रपट कूगरला चार क्षण देतो आणि विसरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या तरुणाला तो भेकड वाटला तर नवल नाही. आज मात्र त्या खोलीतून बाहेर पडणारा हा माणूस संपूर्ण चित्रपटातील सर्वांत शहाणा माणूस वाटतो.

दुसरा प्रसंग पियानोचा. एका उपाहारगृहात गूज पियानो बडवत जोरजोरात गातो आहे. मॅव्हरिक, त्याची प्रेयसी आणि गूजची पत्नी कॅरोल त्या आनंदात सामील आहेत. पियानोवर गूजचा लहानगा मुलगा बसलेला आहे. दृश्य इतके खेळकर आहे की आपली नजर मोठ्या माणसांवरून हलत नाही. तो मुलगा केवळ सजावट वाटतो. गूज हा सुखी कुटुंबवत्सल माणूस आहे एवढे सांगण्यापुरते त्याचे काम, आणि ते अशासाठी की पुढे गूजचा मृत्यू प्रेक्षकाला चटका लावून जावा. पटकथेला बाप मारायचा होता. त्या बापाचे मूल पुढे कोठे जाईल याची चिंता पटकथेने केली नाही.

तिसरा प्रसंग गूजच्या मृत्यूनंतरचा. तो मरतो कसा हे आधी लक्षात घेतले पाहिजे. सरावात आइसमनचे विमान पुढे आहे. त्याने बाजूला व्हावे म्हणून मॅव्हरिक अधीर होऊन त्याच्या मागे लागला आहे. आइसमन बाजूला होतो, त्याच्या इंजिनांतून निघालेल्या हवेच्या लोटात मॅव्हरिकचे विमान सापडते, दोन्ही इंजिने बंद पडतात आणि विमान भोवऱ्यासारखे गरगरत कोसळू लागते. दोघे आसनासह बाहेर फेकले जातात, पण गूजचे डोके विमानाच्या काचेच्या छतावर आदळते. एफ-१४ च्या मागच्या आसनावर विमान चालवण्याची दांडीच नसते. मागे बसलेल्याने दिशा ठरवायची नसते. त्याने विश्वास ठेवायचा असतो. चौकशी समिती मॅव्हरिकला निर्दोष ठरवते, आणि तांत्रिक दृष्ट्या तो निर्णय योग्यही असेल. त्यानंतर विधवा कॅरोल मॅव्हरिकला भेटते आणि त्याचे सांत्वन करते. गूजला तुझ्याबरोबर उडायला फार आवडत असे, असे ती त्याला सांगते. ज्या स्त्रीचे सर्वस्व गेले तीच नायकाला धीर देते. मेग रायनने हे काम इतक्या जिव्हाळ्याने केले आहे की त्यातील उफराटेपणा आपल्या ध्यानात येत नाही.

आणि शेवटी, विजयानंतर, मॅव्हरिक गूजची ओळखपट्टी समुद्रात फेकून देतो. दुःख संपले, नायक मोकळा झाला, असा त्या कृतीचा अर्थ. पण ती पट्टी कोणाची होती? घरी एक लहान मुलगा होता. बापाची म्हणून जपून ठेवावी अशी ती वस्तू होती.

याच नजरेने पाहिले तर आइसमनचेही रूप पालटते. जुन्या चित्रपटात तो गर्विष्ठ प्रतिस्पर्धी म्हणून रंगवला आहे. परंतु तो म्हणतो काय? मॅव्हरिक धोकादायक आहे, त्याच्या बेफिकिरीने बरोबरीच्या माणसांचा जीव जाईल, असे तो तोंडावर सांगतो. दुर्दैवाने तेच खरे ठरते. वॅल किल्मरने हे काम संयमाने केले. तो कोठेही खलनायक होत नाही. शहाणपणाचे बोलणे रुक्ष वाटते आणि बेफिकिरी मोहक वाटते, हा केवळ चित्रपटाचा नव्हे, तारुण्याचाच दृष्टिदोष होय.

पियानोवरचा मुलगा मोठा होतो

जोसेफ कोसिन्स्की दिग्दर्शित उत्तरभागाचे सर्वांत मोठे श्रेय हे, की त्याने पियानोवरच्या त्या मुलाला विचारले, ‘बाळ, तुझे पुढे काय झाले?’ ब्रॅडली ब्रॅडशॉ आता स्वतः नौदलाचा वैमानिक आहे. टोपणनाव ‘रूस्टर’. बाप हंसाच्या जातीचा, लेक कोंबडा. त्याने बापासारख्याच मिशा राखल्या आहेत. माइल्स टेलरने त्याच्या चेहऱ्यावर कायमचा एक अबोला ठेवला आहे. त्याला मॅव्हरिकचा राग आहे, आणि त्या रागाचे कारण केवळ बापाचा मृत्यू नाही. नौदल अकादमीतील त्याच्या प्रवेशाचे कागद मॅव्हरिकने अडवले आणि त्याची ४ वर्षे वाया गेली, हे त्याचे खरे शल्य आहे.

सत्य वेगळे आहे. मुलाने आकाशात जाऊ नये असे वचन मरणापूर्वी कॅरोलने मॅव्हरिककडून घेतले होते. मुलाला हे सांगितले तर त्याचा राग मृत आईकडे वळेल. म्हणून मॅव्हरिक गप्प राहतो आणि तो राग स्वतःवर घेतो. पटकथेतील हा धागा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. एक तर त्यामुळे मॅव्हरिकचे प्रौढत्व पराक्रमातून नव्हे, एका मौनातून सिद्ध होते. दुसरे असे की या एका तपशिलाने १९८६ सालचा सांत्वनाचा प्रसंग नव्याने लिहिला जातो. कॅरोलने तेव्हा जे सांगितले ते तिचे सगळे सांगणे नव्हते. तिने मित्राला दोष दिला नाही, पण मुलगा त्या मार्गाने जाऊ नये असे तिला वाटत राहिले. जुन्या चित्रपटातील ते हसरे, रडवेले मुख आता पुन्हा पाहताना त्यामागे दडलेली भीती दिसू लागते.

नव्या चित्रपटात रूस्टर एका मद्यालयात पियानोवर बसून बापाचेच गाणे गातो. मॅव्हरिक बाहेर अंधारात उभा राहून काचेतून ते पाहतो. आत गर्दी आनंदाने नाचते आहे. जुन्या प्रसंगात तो त्या आनंदाच्या मधोमध होता, आता तो काचेच्या बाहेर आहे. टॉम क्रूझसारखा आपल्या हसण्यावर चार दशके लोकप्रिय राहिलेला नट येथे काही न बोलता उभा राहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर वय दिसू लागते. जुन्या चित्रपटाच्या वेळी तो विशीत होता. नवा प्रदर्शित झाला तेव्हा साठीला टेकला होता. त्याच्या बरोबरीचे अधिकारी ॲडमिरल झाले, हा अद्याप कॅप्टनच आहे. बंडखोर तरुण पन्नाशीनंतर कसा दिसतो, हे दाखवण्याचे धैर्य व्यावसायिक चित्रपटात सहसा नसते.

आइसमनच्या भेटीचा प्रसंगही असाच आहे. वॅल किल्मर यांना घशाचा कर्करोग झाला होता आणि उपचारांत त्यांचा आवाज गेला होता. पटकथेने तेच दुखणे पात्राला दिले. आइसमन संगणकावर अक्षरे जुळवून बोलतो, आणि मित्राला जुने दुःख आता सोडून देण्यास सांगतो. ज्या तरुणाचे खरे बोलणे एके काळी ऐकले गेले नाही, त्याचा शब्द आता आवाज नसतानाही ऐकला जातो. १ एप्रिल २०२५ रोजी किल्मर यांचे निधन झाले. त्यामुळे पुढे येणारा अंत्यविधीचा प्रसंग, ज्यात मॅव्हरिक आपले पंखांचे पदक मित्राच्या शवपेटीवर मुठीने ठोकून बसवतो, आता पाहवत नाही.

एक रचनेची गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. संपूर्ण उत्तरभागात मॅव्हरिक एकटा उडतो. चाचणीचे अतिवेगवान विमान एका आसनाचे, मोहिमेतील विमानही एका आसनाचे. संकटाच्या क्षणी तो मृत मित्राशी बोलतो, पण मागे कोणी नसते. मोहिमेत रूस्टरला वाचवताना त्याचे विमान पडते. त्याला वाचवायला परतलेल्या रूस्टरचेही पडते. शत्रूच्या तळावर त्यांना एक जुने एफ-१४ सापडते, आणि रूस्टर त्याच्या मागच्या आसनावर बसतो, अगदी बापाच्या जागी. अखेरच्या क्षणी तो आसनासह बाहेर पडण्याची मूठ ओढतो तर ती चालत नाही. ज्या यंत्राने बापाचा घात केला ते लेकाच्या वेळी मुके होते. या वेळी मागच्या आसनावरचा माणूस घरी परततो.

चित्रीकरणाची हकिगत या अर्थाला आणखी एक पदर जोडते. क्रूझ यांच्यासह नटांनी एफ-१८ विमानांतून प्रत्यक्ष उड्डाणे केली. कॉकपिटमध्ये ६ कॅमेरे बसवले होते आणि चेहऱ्यावर दिसणारा ताण खरा आहे. परंतु नौदलाने विमान चालवण्याची परवानगी कोणालाही दिली नव्हती. पुढे नौदलाचे वैमानिक होते आणि सगळे नट मागच्या आसनावर. पुढच्या आसनावरचा म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तो नायकही वस्तुतः मागे बसून कोणावर तरी विश्वास ठेवून होता. क्लाउडिओ मिरांडा यांच्या छायाचित्रणाचे आणि ऑस्कर मिळवणाऱ्या ध्वनियोजनेचे कौतुक करताना त्या अनाम वैमानिकांचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.

दोन उणिवा

एवढे म्हटल्यावर उत्तरभागाच्या उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव कॅरोलची. तिच्या वचनावर सारी कथा उभी आहे, पण ती स्वतः पडद्यावर येत नाही. ती वारली, एवढेच कळते. दोन चित्रपटांत मिळून जिच्यावर सर्वाधिक आघात झाले, तिचे म्हणणे आपल्याला मॅव्हरिकच्या तोंडून ऐकावे लागते. जुन्या चित्रपटात केवळ नाव घेऊन सोडून दिलेल्या पेनीला नव्यात संपूर्ण व्यक्तिमत्त्व मिळाले, जेनिफर कॉनेलीने ते डौलाने उभे केले, ही स्वागतार्ह गोष्ट. हाच न्याय कॅरोलला मिळाला असता तर चित्रपट अधिक सखोल झाला असता. तसेच, रणांगणात यांच्यापैकी कोणीच मरत नाही. जुना चित्रपट बेफिकीर होता, पण त्यातील मृत्यू खरा होता. तो परत फिरत नव्हता. नवा चित्रपट समंजस आहे, पण त्याने मृत्यूला इतके सोयीने परतवून लावले आहे की एका मुलाच्या ३६ वर्षांच्या पोरकेपणाचे मोल शेवटच्या आलिंगनात जरा स्वस्तात चुकते होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, आणि ती दोन्ही चित्रपटांत समान आहे. समोरच्या विमानातील माणसाला चेहरा नाही. १९८६ साली शत्रूच्या विमानांना ‘मिग-२८’ म्हटले होते. असे विमान जगात नाही. अमेरिकन बनावटीच्या एफ-५ विमानांना काळा रंग देऊन काम भागवले होते. देशाचे नाव नाही, वैमानिकाच्या डोळ्यांवर काळी काच. घटनास्थळ मात्र निनावी नाही. ते आपलाच हिंदी महासागर आहे, अशी अक्षरे पडद्यावर येतात. २०२२ सालीही तसेच. डोंगरातील युरेनियमचा कारखाना उद्ध्वस्त करायचा आहे, पण देश कोणता ते सांगितले जात नाही. त्या तळावरचे एफ-१४ मात्र पुरते बोलके आहे. अमेरिकेखेरीज हे विमान जगात एकाच देशाला मिळाले, आणि तो देश म्हणजे इराण. १९७९ च्या क्रांतीपूर्वी त्याला ७९ विमाने देण्यात आली होती. स्वतः अमेरिकन नौदलाने हे विमान २००६ साली सेवेतून काढले.

शत्रूला नाव न देणे हे कोणाला सौजन्य वाटेल. आम्हाला ते धोक्याचे वाटते. ‘टॉप गन’नंतर २ वर्षांनी, ३ जुलै १९८८ रोजी, बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराणचे प्रवासी विमान ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन युद्धनौकेने पाडले. नौकेवरील अधिकाऱ्यांनी रडारवरील त्या ठिपक्याला एफ-१४ समजले होते. विमानातील सर्व २९० जण मृत्युमुखी पडले. त्यांत ६६ बालके होती आणि १० भारतीयही होते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतील माणसे पोटापाण्यासाठी आखातात ये-जा करतात. त्या विमानात कोण बसलेले होते हे समजण्यासाठी आपल्याला फार कल्पनाशक्ती लागणार नाही. ती सगळी मागच्या आसनावरची माणसे होती. पुढे बसलेल्यावर विश्वास ठेवून निघालेली. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेने इराणमधील फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर प्रत्यक्ष हल्ला केला. चित्रपटामुळे युद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पडद्यावर ज्यांना आपण कधी चेहऱ्याने पाहिले नाही, त्यांच्या मरणाची बातमी वाचताना मन कमी हलते, हेही तितकेच खरे आहे. ज्या पटकथेने गूजच्या मुलाची विचारपूस केली, तिला काळ्या काचेमागच्या वैमानिकाच्या मुलाची आठवण झाली नाही.

घरातल्यांसाठी

हे दोन्ही चित्रपट पाहावेत की नाही, असे पालक विचारतात. अवश्य पाहावेत. जुन्यातील एक शृंगारिक प्रसंग लहान मुलांसमवेत पाहण्याजोगा नाही, एवढे ध्यानात असावे. आमची सूचना इतकीच, की क्रम उलटा ठेवावा. आधी नवा पाहावा, मग जुना. वेगाचा आणि आकाशाचा आनंद मुलांना मनसोक्त घेऊ द्यावा. तो आनंद निर्मळ आहे आणि त्यावर प्रवचन झोडण्याची गरज नाही. जुन्या चित्रपटात पियानोचा प्रसंग आला म्हणजे मात्र क्षणभर चित्र थांबवावे आणि तो लहानगा कोठे बसला आहे ते मुलांना शोधायला सांगावे. कूगर पदक मेजावर ठेवतो तेथेही थांबावे, आणि हा माणूस भित्रा की शूर, असे विचारावे. उत्तरे वेगवेगळी येतील. घरातल्या वडीलधाऱ्यांचे उत्तर आणि मुलांचे उत्तर एकच येईल, अशी अपेक्षाही धरू नये.

रम्य भूतकाळात रमणे हे पाप नव्हे. पण स्मृती आपल्या सोयीची माणसे उजेडात ठेवते आणि बाकीच्यांना अंधारात सारते. ‘टॉप गन : मॅव्हरिक’ने जुन्या चित्रपटातील एका माणसाला आणि त्याच्या लेकराला अंधारातून बाहेर काढले. त्याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. काळ्या काचेमागचा माणूस अजून तेथेच आहे. या चित्रमालिकेचा तिसरा भाग निघालाच, तर त्या काचेमागचा चेहरा दिसतो की नाही, हे आम्ही प्रथम पाहू.